चार नंबरचा चिखल

काका: ठेव तिथेच. हात ओले आहेत माझे.

चिमटी: मघापासून ओलेच आहेत काका. ती चाळण तुम्ही तिसऱ्यांदा धुताय.

काका: अर्ध्या मिलिमीटरची जाळी आहे. एक कण अडकला तरी पुढच्या चिखलात जातो. तुझ्या बाईंनीच शिकवलंय.

चिमटी: बाईंनी दोनदा धुवायला शिकवलं होतं. तिसऱ्यांदा तुम्ही मनाने धुताय. एक सही करायची आहे, काका. लॉगबुकाच्या एका पानावर. त्यासाठी तुम्ही सकाळी अकराला आलात आणि आता तीन वाजत आले.

काका: जेवलीस का?

चिमटी: बिस्किटं खाल्ली.

काका: ते जेवण नाही.

चिमटी: तुम्ही काय जेवलात?

काका: मला भूक नव्हती.

चिमटी: मग झालं तर. दोघांचं एकच.

काका: त्या ट्रेमध्ये काय आहे?

चिमटी: दोन नंबरच्या जागेचं. या वर्षीचं. आपण पंधरवड्यापूर्वी काढलं ते. तीन दिवस झाले, निवडतेच आहे. डोळे गेले माझे.

काका: गुलाबी झालीत सगळी गांडुळं.

चिमटी: गांडुळं नाहीत हो. किती वर्षं सांगतेय.

काका: समुद्रातली गांडुळंच ती. चिखल खातात, चिखल टाकतात. नाव काही का ठेवा ना तुम्ही. त्यांना रंग लावता, चिमट्याने एक एक उचलता, बाटलीत घालता. तुझं नाव चिमटी पडलं ते उगाच नाही.

चिमटी: नाव बाईंनी ठेवलं. आता सगळी इमारत तेच म्हणते. परवा शिपाई नव्या साहेबांना सांगत होता, चिमटी मॅडम वर आहेत म्हणून. साहेबांना वाटलं आडनाव आहे.

काका: वाईट नाही आडनाव.

चिमटी: काका, साहेबांना अहवाल उद्या द्यायचाय. शुक्रवारी कोल्ड रूम रिकामी करताहेत, नवीन यंत्र येतंय तिथे. जे अहवालात लागलं ते ठेवायचं, बाकी फेकायचं. त्याच्याआधी मला गेल्या वर्षीच्या फेरीच्या पानावर बोटवाल्याची सही हवी. बाकी सगळ्या वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षीचीच राहिली.

काका: राहिली असेल. गडबड होती तेव्हा.

चिमटी: माहीत आहे मला. म्हणून तर वर्षभर मागितली नाही.

काका: हं.

चिमटी: मी फोनवर सांगितलं ते नीट ऐकलंत ना तुम्ही? ग्राफचं?

काका: ऐकलं.

चिमटी: काहीच बोलला नाहीत. मला वाटलं लाइन कट झाली.

काका: पुन्हा सांग. समोर बसून सांग.

चिमटी: बसा मग आधी. ती चाळण सोडा.

काका: बसलो.

चिमटी: हे बघा. बत्तीस वर्षं. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच पाच जागा. एक, दोन, तीन आणि पाच या चार जागांवर मासेमारीची जाळी तळावरून ओढतात, आजही ओढतात. चिखलातला कार्बन दर वर्षी थोडा थोडा कमी. ही रेघ बघा, उतरत गेली आहे. चारही जागांची तशीच.

काका: जाळी खालून ओढली की पुरलेलं वर येतं.

चिमटी: बरोबर. वरून पानं पडतात, शेवाळ पडतं, मेलेले मासे पडतात. काही किडे खातात, ते पुन्हा पाण्यात जातं. उरलेलं चिखलात गाडलं जातं. गाडलेलं तसंच राहिलं तर शेकडो वर्षं राहतं. उकरलं की संपलं.

काका: हे मला ती रोज सांगायची. भाजी निवडता निवडता.

चिमटी: आता चार नंबर. सगळ्यात लांबची जागा. साडेतीन वर्षांपूर्वी बाईंनी मागे लागून लागून तेवढ्या भागात जाळी ओढायला बंदी करून घेतली. किती शिव्या खाल्ल्या त्यांनी. त्यांचं म्हणणं होतं की तळाला हात नाही लावला तर चिखल परत भरतो. किडे परत येतात, बिळं करतात, कार्बन परत गाडला जातो. सगळे म्हणाले पन्नास वर्षं लागतील. बंदीनंतरची पहिली फेरी, रेघ खालीच. दुसरी, खालीच. आणि तिसरी, म्हणजे गेल्या वर्षीची, बाईंची शेवटची. हा ठिपका बघा कुठे गेलाय.

काका: वर.

चिमटी: दुपटीच्याही वर. मी भट्टीत तीनदा जाळून बघितलं. आधी वजन, जाळायचं, मग वजन. जळून गेलं तेवढं धरायचं. तिन्ही वेळा तेच आलं. बाई बरोबर होत्या, काका. अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे. याच्या जोरावर आणखी तीन ठिकाणी बंदी मागता येईल. नव्या साहेबांनीसुद्धा कच्चा अहवाल वाचून मला चहा विचारला, आणि ते कुणाला विचारत नाहीत.

काका: या वर्षीचा चारचा काढला नाही आपण.

चिमटी: वारा होता म्हणून परत आलो ना. तुम्हीच म्हणालात, तिकडे नको.

काका: वारा इतका नव्हता.

चिमटी: म्हणजे?

काका: मला तिकडे जायचं नव्हतं.

चिमटी: ते मला कळलं होतं. मी काही बोलले का?

काका: नाही बोललीस. मी म्हटलं, नोंदींच्या टेबलात कारण हवामान लिही, तू लिहिलंस.

चिमटी: बाई असत्या तर खपवून घेतलं नसतं.

काका: एकदा मी शून्य लिहिलं होतं. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष असेल. नळी चिखलात गेलीच नाही, खडक लागला. ती मागच्या बाजूला नोंदी घेत होती, मला म्हणाली तुझ्या वहीत लिही. मी लिहिलं शून्य. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

चिमटी: मला माहीत आहे ही गोष्ट. शून्य म्हणजे आपण बघितलं आणि तिथे काही नव्हतं. रिकामं म्हणजे आपण बघितलंच नाही.

काका: आणि रिकामं सोडलं तर शेजारी कारण लिहायचं.

चिमटी: खरं कारण. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. किड्यांची नावं नंतर.

काका: दोन दिवस मी माझा चहा माझ्या हाताने केला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, शून्य हा आकडा आहे, तो फुकट मिळत नाही. मी म्हटलं बरं बाई. मला तेव्हा वाटलं, हिचं डोकं जरा फिरलेलंच आहे. पहिल्यांदा बोट मागायला आली तेव्हाही वाटलं होतं. लोक मासे काढायला बोट मागतात. ही चिखल काढायला मागत होती.

चिमटी: तरी लग्न केलंत.

काका: दुसऱ्या कुणाच्या बोटीवर जाऊ लागली असती.

चिमटी: काका, सही.

काका: कुठल्या पानावर?

चिमटी: हे. तुमच्याच अक्षरात आहे. तारीख, वेळ, पाचही जागांचे आकडे, अक्षांश-रेखांश. खाली सही.

काका: माझा चष्मा.

चिमटी: डोक्यावर आहे.

काका: हं. चारचे आकडे बरोबर आहेत.

चिमटी: असणारच की. जीपीएस बघून लिहिता तुम्ही.

काका: बाकीच्यांचे बघून लिहिले. चारचे पाठ होते.

चिमटी: बत्तीस वर्षांत मलाही पाठ होतील.

काका: चिमटे, त्या दिवशी तू नव्हतीस.

चिमटी: बहिणीचं बाळंतपण होतं. तुम्ही मुद्दाम आठवण करून देताय का? मला रोज आठवतं ते.

काका: टोमणा नाही मारत. तू नव्हतीस म्हणून तुला माहीत नाही, एवढंच म्हणतो. डॉक्टरांनी तिला बोटीत बसू नका म्हणून सांगितलं होतं. मुलगी फोनवर रडली. ही म्हणाली, एकतीस वर्षांत एकही वर्ष चुकलं नाही, आता चुकवायचं नाही. मी आत फळीवर गादी घातली. गरम पाण्याची पिशवी दिली. एक, दोन, तीन काढले. ती उठून बसायची, नळीला वरून बूच लावायची, परत आडवी व्हायची. पाच वाटेत होता म्हणून तो आधी घेतला. राहिला चार.

चिमटी: हो. पुढे?

काका: पाचनंतर तिला थंडी वाजायला लागली. ऊन होतं, आणि दात वाजत होते तिचे. माझं जाकीट घातलं, ताडपत्री घातली. म्हटलं घरी जाऊ. म्हणाली, चार घेतल्याशिवाय नाही. म्हटलं, अजून तासभर लागेल तिथे जायला आणि तासभर परत. म्हणाली, तर मग बोलत कशाला बसलायस.

चिमटी: बाईच बोलल्यासारखं वाटलं.

काका: मी बोट वळवली.

चिमटी: कुठे?

काका: खडकाच्या टोकामागे. आतल्या बाजूला. तिथून घर वीस मिनिटं. इंजिन हळू चालू ठेवलं, जरा वेळ गोल गोल फिरवली बोट, म्हणजे लांब गेल्यासारखं वाटेल. ती आत होती, बाहेरचं दिसत नव्हतं तिला. मग नांगर टाकला आणि म्हटलं, आलो. चार नंबर.

चिमटी: काका.

काका: ती म्हणाली, यंत्र काय म्हणतंय? मी पाठ असलेले आकडे म्हणून दाखवले. म्हणाली, खोली? मी दोरी आठ मीटर सोडली होती. म्हटलं अठरा. म्हणाली, बरं.

चिमटी: तो चिखल चारचा नाही.

काका: नाही.

चिमटी: मला एक मिनिट द्या.

काका: घे.

चिमटी: टोकामागे म्हणजे जिथे गवत वाहून येतं ती जागा? जिथे पाणी हलतच नाही?

काका: तीच. ओहोटीला काळं दिसतं सगळं.

चिमटी: तिथे कुजलेलं गवतच साठतं काका. तिथे कार्बन दुप्पट काय, तिप्पट निघेल. तिथे बंदी असो, नसो.

काका: मला हे परवा तुझा फोन आला तेव्हा कळलं. तोवर मी म्हणत होतो, चिखल तो चिखल. एक बादली इकडची काय, तिकडची काय. तिला बरं वाटलं, घरी लवकर आली, झालं. या सगळ्याचा असा ग्राफ होईल हे डोक्यातच आलं नाही.

चिमटी: बत्तीस वर्षं तुम्ही बोट चालवली आणि डोक्यात आलं नाही?

काका: बोल. तुला बोलायचा हक्क आहे.

चिमटी: मला बोलायचं नाही. दमलेय मी. आठ महिने मी हा ठिपका घेऊन बसलेय. स्वतःभोवती नळी करून राहणारा एक किडा निघाला त्यात, जो चारवर कधीच नव्हता. मी लिहिलं, नवीन प्रजाती स्थिरावते आहे. इतका चांगला परिच्छेद झाला होता. खरं सांगू? मला शंका आली होती. इतक्या लवकर इतकं भरत नाही. पण जे हवं तेच निघालं की शंका खाली बसते.

काका: चिखलासारखी.

चिमटी: विनोद नका करू आता.

काका: विनोद नाही केला.

चिमटी: तुम्ही आज आला नसता तर? सही करून गेला असता तर? कुणालाही कळलं नसतं.

काका: सकाळी तेच करायला आलो होतो. पायऱ्या चढताना ठरवलं होतं, सही करायची आणि निघायचं. तिचं नाव पहिल्या पानावर, तिचं म्हणणं खरं झालं. मेलेल्या माणसाला आणखी काय देता येतं? मग ती चाळण दिसली, म्हटलं आधी ती धुऊन घेऊ.

चिमटी: तीन वेळा.

काका: माझ्या खोट्यावर ती बरोबर ठरते आहे. तिला चाललं असतं का ते?

चिमटी: नाही.

काका: मग झालं.

चिमटी: झालं काय? हा ठिपका काढला की राहिलं काय हातात? बंदीनंतरची दोन वर्षं, दोन्ही खाली. या वर्षीचं नाही. लोक म्हणणार, बाई चुकल्या.

काका: चुकली का ती?

चिमटी: माहीत नाही. दोन वर्षांवरून काहीच म्हणता येत नाही, हो किंवा नाही.

काका: मग माहीत नाही म्हण.

चिमटी: अहवालाचं शेवटचं वाक्य, माहीत नाही. साहेब मला चहासुद्धा विचारणार नाहीत.

काका: मी येतो साहेबांकडे. मी सांगतो कुणामुळे झालं.

चिमटी: तुम्हाला काय करणार ते? पगार थोडाच देतात तुम्हाला. थांबा, पिशव्या आणते. चिखल उरलाय अजून अर्धा. शुक्रवारी फेकायच्या की ठेवायच्या ते तरी ठरवू.

(ती कोल्ड रूममधून पिशव्यांचा एक खोका आणते आणि टेबलावर ठेवते.)

काका: हातमोजे घाल. बोटं बघ कशी झालीत.

चिमटी: हे एकचे. हे दोनचे. तीन. पाच. बाईंचं अक्षर बघा, शेवटपर्यंत सरळ. आणि हे चारचे.

काका: हे अक्षर तिचं नाही.

चिमटी: नाही, हे माझं आहे. निळा मार्कर माझा. यांच्यावर नंबर नव्हता. खोका उघडला तेव्हा बाकी चारही जागांच्या पिशव्यांवर नंबर होता, यांच्यावर नुसती तारीख आणि किती सेंटिमीटरवरचा थर ते. मी म्हटलं, चार जागा झाल्या, उरली ती चार नंबरची. वर कोरी चिकटपट्टी लावली आणि लिहून टाकलं.

काका: तिने नंबर घातला नव्हता?

चिमटी: औषधाच्या गुंगीत राहिला असेल. तेव्हा असंच वाटलं मला.

काका: एकाही पिशवीवर नाही?

चिमटी: दहा पिशव्या आहेत, दोन-दोन सेंटिमीटरचा एक थर. एकावरही नाही.

काका: पाचच्या पिशव्यांवर नंबर कधी लिहिला तिने?

चिमटी: त्याच संध्याकाळी असणार. सगळं एकाच बैठकीत कापलंय, वेळ लिहिली आहे त्यांनी.

काका: इथेच बसली होती, या स्टुलावर. मी खालून दट्ट्या ढकलत होतो, ती वरून चकत्या कापत होती. शेवटची नळी उघडली तेव्हा वास आला. सडक्या अंड्यासारखा. चारच्या चिखलाला वास नसतो.

चिमटी: नसतोच. तिथे खालपर्यंत हवा जाते, किड्यांची बिळं असतात.

काका: तिने नळी नाकाजवळ धरली. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होतो. मग म्हणाली, चहा आण जरा. मी चहा आणायला खाली गेलो. परत आलो तेव्हा सगळ्या पिशव्या भरून, खोका बंद करून बसली होती.

चिमटी: काही म्हणाल्या?

काका: म्हणाली, साखर कमी आहे.

चिमटी: काका, चारवर बोट किती डोलते. वारा नसला तरी. मला दर वेळी उलटी होते तिथे.

काका: टोकामागे पाणी तळ्यासारखं असतं.

चिमटी: आणि त्या आडव्या पडल्या होत्या.

काका: फळीवर. पाठ टेकून. तिला तेव्हाच कळलं असणार. मी आकडे म्हणून दाखवत होतो आणि ती म्हणत होती, बरं.

चिमटी: आणि नंबर नाही घातला.

काका: खोटं लिहायचं नाही तिला. आणि मला खोटारडा म्हणायचं नाही. म्हणून तेवढी जागा सोडली.

चिमटी: आणि मी भरून टाकली. निळ्या मार्करने.

काका: तू काय करणार, तुला कुणी काही सांगितलं नव्हतं.

चिमटी: उरली ती चार. पहिलीतली पोरंसुद्धा असं गणित करत नाहीत. बाईंनी लेबल नसलेल्या पिशवीवर अंदाजाने कधी लिहू दिलं नाही कुणाला. मी त्यांच्याच पिशवीवर लिहिलं.

काका: दोन महिने होती ती त्यानंतर. मी रोज समोर बसायचो. तिने एकदाही विषय काढला नाही. मला वाटायचं, पचलं आपलं.

चिमटी: तुम्ही सांगाल म्हणून थांबल्या असतील.

काका: असेल. एकदा विचारलं होतं तिने, रात्री पाणी मागितलं तेव्हा. म्हणाली, त्या दिवशी आपण लवकर आलो ना घरी? म्हटलं, हो, वारा चांगला मिळाला. म्हणाली, बरं झालं. मला थंडी वाजत होती फार.

चिमटी: पाणी देऊ तुम्हाला?

काका: नको.

चिमटी: घ्या. मीही घेते.

काका: आता या पिशव्या फेकणार ना?

चिमटी: का फेकायच्या? चिखल खोटा नाही, नंबर खोटा आहे. जागा सांगा मला नीट, कुठे टाकला होता नांगर. बाईंनी शेवटचा काढलेला नमुना आहे. त्याला स्वतःची जागा मिळेल. अहवालात नाही, पण यादीत.

काका: आकडे नाहीत माझ्याकडे. खुणा सांगतो.

चिमटी: सांगा.

काका: दीपगृह टोकावरच्या मोठ्या खडकाच्या बरोब्बर मागे झाकायचं. आणि डाव्या हाताला पाण्याची टाकी आणि कारखान्याची चिमणी एका रेषेत. तिथे.

चिमटी: तिथे जाऊन आकडे घ्यावे लागतील. आणि तिथून पुढे चारवर. या वर्षीचा महिना अजून संपायचाय, नऊ दिवस आहेत. मी शेजारच्या गटाच्या बोटीला विचारू शकते.

काका: त्यांना चार नंबर सापडायचा नाही. यंत्र बघून जातात आणि वाहत जाऊन दुसरीकडेच नांगर टाकतात.

चिमटी: मग?

काका: मुलगी म्हणते बोट विकून टाका, इकडे या राहायला. गिऱ्हाईकही बघितलंय जावयाने.

चिमटी: मी तुम्हाला आग्रह करत नाही.

काका: पंप गळतो आहे. दोन दिवस लागतील त्याला. मंगळवारी भरती कितीला आहे?

चिमटी: सहा दहा.

काका: उलटीची गोळी आदल्या दिवशी घे. त्याच दिवशी घेऊन उपयोग नसतो.

चिमटी: बरं.

काका: साहेबांना काय सांगशील?

चिमटी: आत्ता संगणकावरचं टेबल दुरुस्त करते, मग खाली जाते. बघू. थांबा, गेल्या वर्षीची ओळ, चार नंबर. खोडला आकडा. शून्य दाखवतंय.

काका: शून्य नको.

चिमटी: आपोआप येतंय. काढते. हं, झालं रिकामं. आता कारण विचारतंय.

काका: काय काय लिहिता येतं त्यात?

चिमटी: यादी आहे. हवामान. यंत्रात बिघाड. बोट उपलब्ध नाही. इतर.

काका: हवामान चांगलं होतं त्या दिवशी.

चिमटी: मग इतर. इतर निवडलं की पुढे तपशील लिहावा लागतो. एक ओळ.

काका: लिही. संशोधक बाईंना थंडी वाजत होती, म्हणून बोटवाल्याने बोट घरी वळवली.

चिमटी: एवढंच?

काका: एवढंच. आण आता ते लॉगबुक. चारचे आकडे खोडतो आणि सही करतो.